कोंडाळे आणि खूण : गॅलोडेट विद्यापीठाच्या २०१३ च्या फुटबॉल-हंगामाचा एक भाषिक-ऐतिहासिक विचार

१

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास बहुधा मोठ्या विद्यापीठांच्या अंगाने लिहिला जातो. लाखभर प्रेक्षकांची क्रीडांगणे, दूरचित्रवाणीचे करार आणि खेळाडूंना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या ह्यांच्या झगमगाटात त्या खेळाचे खालचे थर सहसा दृष्टीस पडत नाहीत. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९७३ मध्ये आपल्या सभासद संस्थांची तीन विभागांत वाटणी केली. त्यांपैकी तिसऱ्या विभागात खेळासाठी म्हणून कोणतीही शिष्यवृत्ती देता येत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या दोनशेंहून अधिक संस्था ह्या विभागात मोडतात. तेथील खेळाडू आधी विद्यार्थी असतो, आणि चार वर्षे संपली की त्याचा खेळही बहुधा संपतो. अशा विभागातील एखाद्या हंगामाची दखल संशोधनपत्रिकेने का घ्यावी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर असे की, वॉशिंग्टन येथील गॅलोडेट विद्यापीठाचा २०१३ चा हंगाम हा खेळाच्या इतिहासाइतकाच भाषेच्या इतिहासाचाही विषय आहे. गॅलोडेट हे बधिर विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले विद्यापीठ होय. तेथील पदवीपूर्व विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या आसपास, आणि तेथील जीवनाची भाषा अमेरिकन खूणभाषा. तेथे १८८३ पासून फुटबॉल खेळला जात आहे. परंतु राष्ट्रीय संघटनेच्या बाद स्पर्धेत त्या संघाला प्रथम प्रवेश मिळाला तो २०१३ मध्ये, म्हणजे एकशे तीस वर्षांनी. ह्याच संस्थेच्या नावावर खेळातील एक सार्वत्रिक प्रथाही सांगितली जाते. प्रत्येक चालीपूर्वी सगळे खेळाडू डोक्याला डोके लावून वर्तुळात उभे राहतात आणि पुढील चाल ठरवितात. ह्या वर्तुळास इंग्रजीत ‘हडल’ म्हणतात. आपण त्यास कोंडाळे म्हणू.

हे कोंडाळे बधिर खेळाडूंनी आपल्या खुणा लपविण्यासाठी शोधून काढले, अशी परंपरागत कथा आहे. क्रीडाविषयक लेखनात ती एक मनोरंजक आख्यायिका म्हणून येते आणि वाचून सोडून दिली जाते. ह्या कथेत भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक महत्त्वाची साक्ष दडलेली आहे, आणि तिचा अर्थ लावल्याखेरीज २०१३ च्या हंगामाचाही अर्थ नीट लागत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम खेळाच्या रचनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. अमेरिकन फुटबॉल मुख्यतः हाताने खेळला जातो आणि त्याचे मूळ रग्बीत आहे. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू हाती असलेल्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे, अन्यथा चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. ह्या रचनेचा पाया येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप ह्यांनी घातला. १८८० मध्ये दोन्ही संघांना समोरासमोर उभे करणारी रेषा नियमांत आली. १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्डांचा नियम झाला; पुढे त्याचेच चार प्रयत्न व दहा यार्ड असे रूपांतर झाले.

ह्या दोन नियमांनी खेळाचे स्वरूपच पालटले. रग्बीसारखा अखंड वाहणारा खेळ आता सुट्या सुट्या चालींत विभागला गेला. भाषणप्रवाहाची वाक्यांत विभागणी व्हावी तसा हा प्रकार आहे : प्रत्येक चालीला आरंभ आहे, अंत आहे, आणि दोन चालींच्या मध्ये विराम आहे. ह्या विरामात अकरा जणांना पुढच्या चालीची कल्पना द्यावयाची आणि ती समोर चार हातांवर उभ्या असलेल्या अकरा शत्रूंना कळू द्यावयाची नाही, हा एक नवाच प्रश्न उत्पन्न झाला. तो मुळात संज्ञापनाचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऐकू येणाऱ्या संघांनी हा प्रश्न गूढसंकेतांनी सोडविला. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालविणारा खेळाडू, रेषेवर उभा राहून काही आकडे वा शब्द मोठ्याने उच्चारी. ते प्रतिपक्षालाही ऐकू जात, परंतु त्यांचा अर्थ केवळ स्वपक्षाला ठाऊक असे.

गुप्ततेचे हे दोन मार्ग आपल्या बाजारपेठांनाही अपरिचित नाहीत. व्यापाऱ्यांची नंदभाषा उघड्यावर बोलली जाई. गिऱ्हाईक शेजारी उभे असले तरी त्याला आकड्यांचा बोध होत नसे. गुरांच्या बाजारातील दलाल मात्र उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून सौदा करीत, कारण कोणते बोट म्हणजे किती रुपये हे भोवतालच्या सर्वांना माहीत असे. पहिल्या प्रकारात संकेत गूढ असतो, म्हणून आडोसा लागत नाही. दुसऱ्या प्रकारात संकेत सर्वांना कळणारा असतो, म्हणूनच आडोसा लागतो. ही साधी वाटणारी गोष्ट पुढील विवेचनाची किल्ली आहे.

३

गॅलोडेटची कथा १८५७ पासून सुरू होते. माजी पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडॉल ह्यांनी वॉशिंग्टनमधील आपली जमीन बधिर व अंध मुलांच्या शाळेसाठी दिली आणि एडवर्ड माइनर गॅलोडेट हे तरुण गृहस्थ तिचे प्रमुख झाले. त्यांचे वडील थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट ह्यांनी फ्रान्समधील बधिर शिक्षक लोरां क्लेर ह्यांच्या साहाय्याने १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे अमेरिकेतील बधिरांची पहिली कायमस्वरूपी शाळा काढली होती. एडवर्ड ह्यांच्या मातोश्री सोफिया फाउलर स्वतः बधिर होत्या. तेव्हा खुणांची भाषा त्यांना घरातच मिळाली होती. एप्रिल १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन ह्यांनी ह्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. संस्थेच्या महाविद्यालयीन शाखेस पुढे ‘राष्ट्रीय मूकबधिर महाविद्यालय’ असे नाव होते. १८९४ मध्ये ते बदलून थॉमस गॅलोडेट ह्यांच्या स्मरणार्थ ‘गॅलोडेट महाविद्यालय’ असे ठेवण्यात आले. ‘मूक’ हा शब्द त्या नावातून गेला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कारण ज्याला भाषा आहे त्यास मूक म्हणणे यथार्थ नव्हे.

तथापि तो काळ खुणांच्या भाषेला अनुकूल नव्हता. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या बधिरशिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, बधिर मुलांना केवळ मौखिक पद्धतीने, म्हणजे ओठांच्या हालचाली वाचून व उच्चार घटवून शिकवावे, असा ठराव प्रचंड बहुमताने संमत केला. एडवर्ड गॅलोडेट हे विरोधी मत देणाऱ्या मूठभर प्रतिनिधींपैकी होते. जमलेल्या सुमारे १६४ प्रतिनिधींत बधिर प्रतिनिधी एकच होता. खुणा म्हणजे नैसर्गिक अनुकरण, मुखावरचे व हाताचे हावभाव. त्यांत व्याकरण नाही, अमूर्त विचार नाही, आणि त्या मुलास वाणीपासून दूर नेतात, असा बहुमताचा युक्तिवाद होता. त्यानंतर युरोप-अमेरिकेतील अनेक शाळांतून खुणांना वर्गात बंदी झाली. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांनी अमेरिकेत मौखिक पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला.

ह्या पार्श्वभूमीवर १८९४ चा हंगाम येतो. पॉल हबर्ड हा गॅलोडेटचा क्वार्टरबॅक होता. परंपरा अशी की, संघाची गाठ बधिरांच्याच दुसऱ्या संघाशी असे तेव्हा रेषेवर उभे राहून केलेल्या त्याच्या खुणा समोरच्यांना सहज वाचता येत. म्हणून त्याने आपल्या खेळाडूंना जवळ बोलावून वर्तुळात उभे केले, आणि त्या देहांच्या भिंतीआड चाल सांगितली. हबर्ड पुढे कॅन्ससमधील ओलेथ येथील बधिरांच्या शाळेत गेला आणि तेथे त्याने फुटबॉलचा पाया घातला.

४

ह्या कथेच्या अग्रहक्काविषयी वाद आहे. शिकागो विद्यापीठाचे ख्यातनाम मार्गदर्शक एमॉस अलोन्झो स्टॅग ह्यांच्या नावावर १८९६ च्या सुमाराचे कोंडाळे सांगितले जाते. ओरेगनमधील बिल हार्गिस ह्यांस १९१८ चे, तर इलिनॉय विद्यापीठाचे बॉब झपकी ह्यांस १९२१ मध्ये ही प्रथा नियमितपणे रूढ केल्याचे श्रेय दिले जाते. गॅलोडेटची कथा मुख्यतः संस्थेच्या स्मृतिपरंपरेतून आली आहे, आणि अशा परंपरेत तपशील कालांतराने घासून गुळगुळीत होतात हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. एकच युक्ती निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणेही अशक्य नाही. तेव्हा ‘पहिला कोण’ ह्या प्रश्नावर फार शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो दुसऱ्या एका तपशिलात. प्रतिपक्षही बधिर होता, हा परंपरेचा आग्रह आहे. तो नीट तपासून पाहू. मिलानच्या बहुमताचे म्हणणे खरे मानले, म्हणजे खुणा हे केवळ नैसर्गिक हावभाव मानले, तर ते कोणालाही उमगले पाहिजेत; मग ऐकू येणाऱ्या संघांपासूनही ते लपविण्याची गरज भासली असती. उलट, खुणा हा गॅलोडेटच्या अकरा जणांनी आपापसांत ठरविलेला गूढसंकेत मानला, तर तो दुसऱ्या शहरातील बधिरांनाही कळता ना. मग आडोशाचे प्रयोजनच उरत नाही. नंदभाषेला उपरणे लागत नाही. परंपरा जे सांगते ते ह्या दोहोंहून निराळे आहे : ऐकणाऱ्यांना ह्या खुणा अगम्य होत्या आणि परगावच्या बधिरांना सुगम होत्या.

जी संकेतव्यवस्था बाहेरच्यास अगम्य आणि पूर्वी कधी न भेटलेल्या आतल्या माणसास सुगम असते, तिलाच आपण एका समाजाची भाषा म्हणतो. हार्टफर्डच्या शाळेतून बाहेर पडलेले शिक्षक व विद्यार्थी देशभरच्या नव्या शाळांत गेले आणि आपली भाषा बरोबर घेऊन गेले. वर्गात तिला मज्जाव झाला तरी वसतिगृहात, भोजनगृहात आणि क्रीडांगणावर ती नांदत राहिली. म्हणूनच दोन वेगळ्या राज्यांतील बधिर मुले मैदानात समोरासमोर आली तेव्हा त्यांना एकमेकांपासून काही लपवावे लागले. जगातील विद्वान ज्या व्यवस्थेस भाषा मानावयास तयार नव्हते, तिच्या भाषापणाची साक्ष एका खेळातील साध्या सावधगिरीने दिली. अग्रहक्क स्टॅग ह्यांना दिला तरी ह्या साक्षीचे मोल कमी होत नाही.

येथे आणखी एक मुद्दा मांडला पाहिजे. कोंडाळे लपविते हे सर्वांना दिसते. ते दाखविते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ध्वनी चहूकडे पसरतो, म्हणून बोलणाऱ्याकडे पाठ असली तरी ऐकता येते. खूण मात्र दृष्टीच्या रेषेतच पोचते. एका रांगेत उभ्या असलेल्या अकरा जणांना मध्यभागी असलेल्याचे हात दिसणार नाहीत. वर्तुळात उभे केले की सर्वांना सर्वांचे हात दिसतात. बधिरांच्या वर्गात बाके अर्धवर्तुळात मांडतात ती ह्याच कारणाने. तात्पर्य, वर्तुळ हा दृश्य भाषेचा बैठकीचा आकारच आहे. युक्तीचे श्रेय एखाद्या हबर्डला देता येईल. आकार मात्र त्या भाषेच्या स्वभावातूनच आला.

ऐकणाऱ्या संघांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कोंडाळे स्वीकारले तेव्हा त्यांनाही एक मोठा लाभ झाला. गूढसंकेत हा मर्यादित असतो. आधी ठरविले असेल तेवढेच त्यातून सांगता येते. कोंडाळ्यात क्वार्टरबॅकला आपली पूर्ण भाषा वापरता येऊ लागली. समोरचा उजवा रक्षक थकला आहे, मागील चाल पुन्हा करू पण दुसऱ्या बाजूने, असे आयत्या वेळचे, पूर्वी कधीही न उच्चारलेले वाक्य तो बोलू लागला. संकेताकडून भाषेकडे झालेले हे संक्रमण खेळाच्या इतिहासात जेवढे नोंदले जावयास हवे तेवढे नोंदले गेलेले नाही.

५

मैदानाने दिलेली साक्ष विद्येच्या प्रांतात मान्य होण्यास आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली, आणि तीही गॅलोडेटच्याच आवारात. विल्यम स्टोकी हे १९५५ मध्ये तेथे इंग्रजी विभागाचे प्रमुख म्हणून आले. ते स्वतः ऐकू येणारे होते आणि खुणांची भाषा त्यांना नवी होती. कदाचित त्यामुळेच तिच्यातील रचना त्यांच्या डोळ्यांत भरली. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधिकेने वर्णनात्मक भाषाविज्ञानाची पद्धती प्रथमच खुणांना लावली. प्रत्येक खूण ही अखंड चित्र नसून हाताची जागा, हाताचा आकार आणि हाताची गती ह्या तीन अंगांत तिचे पृथक्करण होते, आणि त्यांपैकी एक बदलले की अर्थ बदलतो, असे त्यांनी दाखविले. ध्वनींच्या भाषेत स्वनिम जे कार्य करतात तेच येथे हे घटक करतात. १९६५ मध्ये डॉरथी कॅस्टरलाइन व कार्ल क्रोनबर्ग ह्या बधिर सहकाऱ्यांसह त्यांनी अमेरिकन खूणभाषेचा कोश सिद्ध केला. त्यातील नोंदी इंग्रजी वर्णक्रमाने नव्हत्या. त्या खुणांच्या स्वतःच्या घटकक्रमाने लावलेल्या होत्या.

आपल्याकडील करपल्लवीशी तुलना केली म्हणजे ह्या शोधाचे मर्म ध्यानात येईल. करपल्लवीत बोटांनी अक्षरे दाखवून शब्द जुळवितात. ती मराठीची हातांनी केलेली लिपी आहे, स्वतंत्र भाषा नव्हे. अमेरिकेतील बधिरांचीही अशी बोटांची वर्णमाला आहे आणि विशेषनामांसाठी तिचा उपयोग होतो. परंतु त्यांची खूणभाषा ही हातांनी लिहिलेली इंग्रजी नव्हे. तिचे व्याकरण निराळे, पदक्रम निराळा. स्टोकी ह्यांचे हे म्हणणे प्रारंभी त्यांच्याच महाविद्यालयात अनेकांना हास्यास्पद वाटले होते, हे ह्या संदर्भात विसरून चालणार नाही.

भाषेच्या मान्यतेपाठोपाठ सत्तेचा प्रश्न आला. १९८६ मध्ये गॅलोडेट विद्यापीठ झाले. मार्च १९८८ मध्ये विश्वस्तांनी एलिझाबेथ झिन्सर ह्या ऐकू येणाऱ्या विदुषींची अध्यक्षपदी निवड करताच विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे दरवाजे अडविले. आठवडाभरात विश्वस्तांना माघार घ्यावी लागली, आणि आय. किंग जॉर्डन हे सनदेनंतरच्या १२४ वर्षांतील पहिले बधिर अध्यक्ष झाले. मिलानच्या ठरावाबद्दल त्या परिषदेच्या उत्तराधिकारी परिषदेने व्हँकूवर येथे औपचारिक खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये.

ह्या काळात फुटबॉलची स्थिती मात्र हलाखीची होती. १९९० नंतरच्या दशकात संघ क्लबच्या पातळीवर उतरला. एड हॉटल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ मध्ये त्याने नऊही सामने जिंकले आणि २००७ मध्ये तो पुन्हा तिसऱ्या विभागात दाखल झाला. २०१० मध्ये चक गोल्डस्टीन प्रमुख मार्गदर्शक झाले. ते ऐकू येणारे आहेत. संस्थेत आल्यावर त्यांना आपल्या खेळाडूंची भाषा शिकावी लागली. ऐकणाऱ्या शिक्षकाने बधिराची भाषा शिकावी, ही गोष्ट मिलानच्या ठरावाच्या नेमकी उलट होती.

६

२०१३ च्या शरद ऋतूतील हंगामाचा सांगाडा थोडक्यात असा : नियमित सामन्यांत नऊ विजय व एक पराभव. ईस्टर्न कॉलेजिएट फुटबॉल कॉन्फरन्स ह्या मंडळाचे विजेतेपद मिळाले. २००९ मध्ये आकारास आलेल्या ह्या मंडळात व्हरमाँटमधील नॉर्विच हे सैनिकी परंपरेचे विद्यापीठ, मेनमधील हसन, न्यूयॉर्कचे सागरी महाविद्यालय अशा संस्था होत्या. त्या विजेतेपदामुळे तिसऱ्या विभागाच्या ३२ संघांच्या बाद स्पर्धेत प्रवेश लाभला. २३ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे होबार्ट महाविद्यालयाने गॅलोडेटचा ३४–७ असा पराभव केला आणि हंगाम संपला. डिसेंबरात व्हर्जिनियातील सेलम येथे झालेला अंतिम सामना विस्कॉन्सिन–व्हाइटवॉटर संघाने जिंकला. त्या अंतिम सामन्याचे नाव ‘स्टॅग बोल’. कोंडाळ्याच्या श्रेयातील एका प्रतिस्पर्धी दावेदाराच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेत गॅलोडेटने पहिले पाऊल टाकले, हा एक योगायोग नोंदण्यासारखा आहे.

ह्या हंगामाचे वृत्त देताना अमेरिकन वृत्तपत्रांनी बहुधा ‘अडचणींवर मात’ ह्या सुरात लिहिले. अडचणी होत्याच. पाठमोऱ्या धावणाऱ्या खेळाडूस मार्गदर्शकाची हाक ऐकू जात नाही. पंचांची शिट्टी ऐकू येत नसल्यामुळे चाल थांबल्यावरही एखादा खेळाडू प्रतिपक्ष्यास भिडण्याचा आणि संघास दंड होण्याचा धोका राहतो. परंतु भाषिक दृष्टीने पाहिले असता जमाखर्चाच्या दुसऱ्या बाजूसही बरेच काही दिसते. ऐकणाऱ्या संघांचा क्वार्टरबॅक आवाजात एकाएकी चढउतार करून प्रतिपक्षास अवेळी पुढे झेपावण्यास प्रवृत्त करतो. गॅलोडेटच्या बचावफळीवर ह्या युक्तीचा परिणाम होत नाही. तिचे डोळे चेंडूवर असतात आणि चेंडू हलल्याखेरीज ती हलत नाही. प्रेक्षकांच्या गदारोळाने चालींचा घोटाळा होत नाही. मैदानाच्या कडेला उभा असलेला मार्गदर्शक पलीकडच्या टोकाच्या खेळाडूशी ओरडल्याशिवाय पूर्ण वाक्यात बोलू शकतो. पूर्वी चेंडू सोडण्याचा क्षण कळविण्यासाठी संघाजवळ एक मोठा नगारा असे. त्याचा नाद ऐकू येत नसला तरी कंप अंगास जाणवे. पुढे तो मागे पडला आणि दृष्टी पुरेशी ठरली.

गॅलोडेटच्या ह्या प्रतिपक्ष्यांत खूणभाषा जाणणारे कोणी नव्हते. हबर्डच्या तर्काप्रमाणे पाहिले तर त्यांच्यापुढे आडोशाची गरज उरत नाही. गॅलोडेटचे खेळाडू उघड्या मैदानात हवे ते बोलू शकतात. १८९४ मध्ये कोंडाळे हे भाषा वाटून घेणाऱ्यांपासून संरक्षण होते. २०१३ मध्ये ती भाषा इतरांस अवगत नसणे हेच संरक्षण झाले. तरीही संघ कोंडाळे करीतच होता. कारण त्याचे दुसरे आणि अधिक मूलभूत कार्य, सर्वांना एका हाताचे दर्शन घडविण्याचे, अबाधित होते.

ह्या कार्यास सामाजिक अंगही आहे. आज अमेरिकेतील बहुसंख्य बधिर मुले सर्वसाधारण शाळांत शिकतात. त्यांच्यापैकी अनेकांना गॅलोडेटमध्ये येईपर्यंत खूणभाषा येत नसते; आपल्या शाळेच्या संघात ती दुभाष्याच्या मदतीने किंवा ओठ वाचून खेळलेली असतात, आणि ऐकणाऱ्यांच्या कोंडाळ्यात ती बाहेरचीच राहतात. कोंडाळ्यात तोंडे खाली झुकलेली असतात. ओठ दिसत नाहीत. अशा विद्यार्थ्याला गॅलोडेटच्या वर्तुळात प्रथमच सर्व काही कळू लागते. तो भाषा शिकतो ती ह्याच वर्तुळात, चुका करीत, सहकाऱ्यांच्या हातांकडे पाहत. एके काळी भाषेने हा आकार घडविला; आता तो आकार भाषेस नवे भाषक मिळवून देतो. नऊ विजयांच्या आकड्यामागे ही गोष्ट उभी आहे.

७

गेल्या काही वर्षांतील दोन घटनांनी ह्या इतिहासास पुरवणी जोडली आहे. मोठ्या विद्यापीठांतील अनेक संघांनी वेळ वाचविण्यासाठी कोंडाळे सोडून दिले आणि मैदानाच्या कडेवरून हातांच्या खुणांनी व चित्रफलकांनी चाली कळविण्यास प्रारंभ केला. म्हणजे ते भाषेकडून पुन्हा गूढसंकेताकडे वळले. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संघाशी संबंधित व्यक्तींनी भावी प्रतिपक्ष्यांच्या खुणा अवैध रीतीने टिपल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि राष्ट्रभर गाजले. खुणा वाचल्या जात आहेत, ही हबर्डची जुनीच तक्रार होती. ह्या वेळी त्यावरचा उपाय यंत्राचा निघाला : २०२४ पासून सर्वोच्च उपविभागात मार्गदर्शकास खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओवरून बोलण्याची अनुज्ञा मिळाली.

गॅलोडेटसाठीही एक यंत्र निघाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हिल्बर्ट महाविद्यालयाविरुद्धच्या सामन्यात, संघटनेने त्या एका सामन्यापुरती दिलेल्या परवानगीने, गॅलोडेटच्या क्वार्टरबॅकने एक विशेष शिरस्त्राण घातले. मार्गदर्शकाने हातातील पाटीवर चाल निवडली की तिचे नाव क्वार्टरबॅकच्या डोळ्यासमोरच्या लहानशा भिंगावर उमटे. गॅलोडेटने तो सामना जिंकला. दूरसंचार कंपनीच्या ह्या उपकरणाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु भिंगावर उमटते ते चालीचे नाव असते. ती पूर्वी ठरलेली संज्ञा होय, भाषण नव्हे. ती एकट्या क्वार्टरबॅकला दिसते. उरलेल्या दहा जणांना ती सांगावयाची तर त्यास त्यांच्याकडे वळून हात उचलावेच लागतात. यंत्राने बाहेरून आत संकेत आणला. आतले संभाषण भाषेकडेच राहिले.

ह्या विषयाचा आपल्याशीही संबंध आहे. भारतातील बधिरांच्या आधुनिक शिक्षणाचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईस माझगाव येथे झाला, तो मिलानच्या ठरावानंतर. आपल्याकडेही दीर्घकाळ वर्गात मौखिक पद्धतीचा वरचष्मा राहिला आणि खुणा वसतिगृहात व रस्त्यावर वाढल्या. त्या खुणांचा भाषावैज्ञानिक अभ्यास प्रथम झाला तो गॅलोडेटशी संबंधित अभ्यासकांकडून. १९७० नंतरच्या दशकात जेम्स वुडवर्ड आणि हिमाचल प्रदेशातून गॅलोडेटला गेलेले बधिर विद्वान मदन वसिष्ठ ह्यांनी सहकाऱ्यांसह दिल्ली, कलकत्ता, बंगलोर व मुंबई येथील खुणांची पाहणी केली. शहराशहरांतील भेद बोलीभेदांसारखे असून त्यांच्या बुडाशी एक समान भाषा आहे, असे त्यांनी दाखविले. हार्टफर्ड आणि कॅन्ससच्या मुलांना मैदानात जे अनुभवास आले होते तेच येथे पाहणीने सिद्ध झाले. मराठी मुलखातील बधिर मुलांच्या शाळांत वर्गाबाहेर, विशेषतः खेळाच्या तासाला, काय बोलले जाते ह्याची नोंद करण्याचे काम आपल्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हाती घेण्याजोगे आहे.

गॅलोडेट २०२२ मध्ये पुन्हा एकदा बाद स्पर्धेत पोचले आणि पहिल्याच फेरीत हरले. तिसऱ्या विभागाच्या इतिहासात त्याची गणना थोर संघांत होणार नाही. परंतु भाषेच्या इतिहासात ह्या संघास एक निश्चित स्थान आहे. एखादी संकेतव्यवस्था भाषा आहे की नाही ह्याचा निर्णय परिषदांच्या मतदानाने होत नसतो. तिच्यातून माणसे काय काय सांगतात, कोणापासून लपवितात आणि नवख्याला ती कशी शिकवितात, ह्यावरून तो होतो. ह्या तिन्ही गोष्टींचे पुरावे गॅलोडेटच्या मैदानावर मिळतात, आणि त्यांतील पहिला पुरावा मिलानच्या ठरावानंतर अवघ्या चौदा वर्षांतला आहे.